पडद्यावरचा दुसरा काठ

— अव बाई, कोन म्हन्ते ते दुसऱ्याच्या हातचं आहे म्हनून? पुरा पडदा त्याइनंच काढला. खालपासून वरपर्यंत. हा इकडचा काठ त्याइचा, ही नाव त्याइची, हे एवढं मोठं पानी त्याइचं — आनि ते सगळ्यात वर जे दिसून राह्यलं ना, ती जमिनीची पट्टी, झोपडी, झोपडीजवळची ती बाई — तेही त्याइचंच. तसंच सांगा तुमच्या लोकाइले. तुमी मुंबईहून आल्या, भल्लं शिकल्या, काचेचं भिंग लावून पाहून राह्यल्या — म्हना, भिंगात दिसत असन तुमाले काही — पन मी त्याइच्या घरात जिंदगी काढली. बसा आधी. उभ्याउभ्या पाहाची चीज नाई हे. ती बाज नोका घेऊ, तिची दोरी ढिली झाली, बसाल आनि खाली जासान. ही घ्या. चहा ठेवते. — नाई पेत? आमच्याकडं नाई म्हनत नसतात, पन असो, पानी तरी घ्या.

आमच्या प्रफुल्लनं तुमाले फोनवरच होकार देऊन टाकला म्हने. देईन ना तो! त्याचं ब्रह्मपुरीले फ्लेक्सचं दुकान आहे. बाप हातानं पडदे काढे, पोरगा मशिनीतून काढते. आता मंडईच्या — दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेच्या — नाटकाले कोनी रंगवलेला पडदा मागत नाई — महाल पाह्यजे तर महाल, जंगल पाह्यजे तर जंगल, फोनवर सांगा आनि सांजच्याले घेऊन जा. मांगच्या वर्षी आमच्याच गावात नाटक होतं, हिरोईन मोहाचे फुलं वेचाले जंगलात गेली आनि तिच्या मांगं पुरा बर्फाचा पहाड! मी त्याले म्हनलं, अरे बह्याडा, बर्फात मोह पडते का रे? तर म्हन्ते, आई, लोकाइले चालते. चालतच असन. लोकाइले काय नाई चालत? पन हा पडदा प्रफुल्लचा नाई, बाई. हा माह्या लगनातला पडदा आहे. याचा होकार माह्याकडून घ्या लागन — म्हनून तर तुमाले एवढ्या दूर, त्या जीपमध्ये कोंबून या लागलं. लागलं ना आंग दुखाले? लागतेच. वडस्याहून इथपर्यंत रस्ता असा का नाई!

हं — तुमी मघाशी नाव घेतलं ना त्याइचं? अजून एकदा घ्या बरं. — हं. — कसं वाटते आयकाले! नाई, मी नाई घेत. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाई, आता कोनी घेतही असन, मले नाई येत. आनि गावानं तर कधी घेतलंच नाई. गावाले ते बंगाली. बंगाली आला, बंगाली गेला, बंगाल्याचं पोट्टं, बंगाल्याची बाई. पुरी जिंदगी इथी गेली, धान इथलं खाल्लं, नदीत इथल्या आंघोळ केली, मतदान इथी केलं — तरी बंगाली. मी रागावत जाओ, ते हासत. म्हनत, नीला, नाव घेऊन कोनी हाक मारली तर मले भेव वाटते, वाटते आता गाडीत बसा लागते. — रेफ्युजी कॅम्पात नाव पुकारूनच गाडीत बसवत ना. तुमी म्हन्ता तुमच्या त्या म्युझियमच्या मोठ्या घरात, त्या थंड खोलीत, भिंतीवर त्याइचं नाव लिहिनार. मोठ्या अक्षरात? — खाली 'बंगाली' नाई ना लिहिनार? — हं. पाह्यलं तर मले तेवढंच पाह्यजे होतं, बाई. म्हनूनच तुमाले या म्हनलं.

ते आले तवा जवान पोट्टे होते. तिकडून पळून आलेले — आता त्याले बांगलादेश म्हन्तात — लहान असतानाच बापाबरोबर निघाले. आधी रेल्वे, मंग लय वर्षं रायपूरकडचा कॅम्प, मंग चामोर्शीच्या अंगच्या जंगलात आनून सोडलं. हे घ्या जमीन, तोडा झाडं, करा धान. बाप मूर्त्या करनारा मानूस. देवीच्या. त्याच्या हाताले चिखल ठाव, नांगर ठाव नाई. आनि हे बापाच्या मूर्तीचे डोळे काढत. त्याइच्याकडं तसंच असते म्हने — मूर्ती पुरी झाली, रंग झाला, साडी नेसवली, तरी ती मातीच. सगळ्यात शेवटी डोळे काढाचे, मंगच देवी येते तिच्यात. ते काम बापानं लहानपनीच यांच्याकडं दिलं होतं, हात हलत नाई म्हनून. इथी कोन करते दुर्गेची मूर्ती जंगलात? बाप पहिल्याच पावसाळ्यात तापानं गेला. हे एकटे. चालत चालत वडस्याले आले, आनि भैयाजीच्या नाटक कंपनीच्या दारात बसून राह्यले. भैयाजी म्हनजे कंपनीचा मालक — मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा, मिशीवाला. त्यानं विचारलं, काय येते? यांनी भिंतीवर कोळशानं बैल काढून दाखवला. बस. ठेवून घेतलं.

तवाचे पडदे कसे राहत, सांगू? महाल, रस्ता, बगीचा, जंगल. सगळ्या कंपन्याइचे एकसारखे. महालाले तेच खांब, बगीच्यात तेच कारंजं — इथल्या कोनी जिंदगीत कारंजं पाह्यलं नाई, पन पडद्यावर पाह्यजेच. भैयाजीनं यांना म्हनलं, नदी काढ. त्या वर्षीच्या नाटकात नदी होती. हिरो इकडच्या काठावर, हिरोईनचं गाव तिकडच्या काठावर. यांनी नदी काढली. हीच. आनि मंडईच्या दिवशी पडदा उघडला, तर काय — पानीच पानी! मी होती ना तथी, माह्या मायबरोबर, समोर बोऱ्यावर बसली होती. पुढं काठ आहे, नाव आहे, नावेत मानसं आहेत पन मानसाले डोळे नाई — आनि मंग पानी, पानी, पानी, वर जाऊन आभाळ झालं. पलीकडचा काठच नाई! हिरो आला आनि हात पुढं करून म्हन्ते, पाहा, पाहा, त्या काठावर माह्या राधेचं गाव! झालं. पुरा पेंडॉल हासाले लागला. पोट्टे वरडाले लागले — काठ कुठी गेला बे? काठ बंगाल्यानं खाल्ला! मीही हासली. पोट धरून हासली.

पन तो हिरो — इसरू नाव त्याचं, नदीपल्याडच्या गावचा, आता नाई राह्यला — मोठा हुशार मानूस. तो हात तसाच पुढं ठेवून उभा राह्यला. हासू दिलं लोकाइले. मंग हळू आवाजात म्हनला — दिसत नाई. पन आहे. बस एवढंच. चूप झाला ना बाई पुरा पेंडॉल! माह्या मायनं पदर डोळ्याले लावला — तिची बहीन तिकडं दूर देऊन टाकलेली होती, कधी भेटली नाई. सगळ्याइचं कोनी ना कोनी तसं कुठीतरी असते ना. दुसऱ्या दिवशी भैयाजीनं पेंटरले विचारलं, काऊन बे, काठ काऊन नाई काढला? हे म्हनले, आमच्याकडं नदीले तिकडचा काठ दिसत नाई. एवढी मोठी राहते. भैयाजीले खरं नाई वाटलं. मले आताही नाई वाटत. तुमी पाह्यली का हो ती नदी? खरंच नाई दिसत काठ? — हं. म्हनजे खोटं नोते बोलत.

मंग काय, गावोगावचे लोकं म्हनाले लागले, नदीवाला पडदा असन तर नाटक ठेवतो. वडस्याचे दुसऱ्या कंपन्याइचे पेंटर यायचे, तिकीट काढून, मांगं उभे राहून पाहायचे — नाटक नाई, पडदा. तुमी ज्यांचं नाव घेतलं मघाशी, नागपूरले जाऊन मोठे झाले ते, ते त्यातलेच एक. त्या साली सगळ्याइनं काहीतरी सोडून द्याले सुरू केलं. कोनी जंगल काढे आनि झाडाइले पानंच नाई. कोनी महाल काढे आनि दाराच्या आत काळं. कारंजे बंद झाले. हेच ना तुमी म्हन्ता — इथल्या नव्या चित्राची सुरुवात त्याइनं केली म्हनून? असन. मले ते नवं-जुनं समजत नाई, मले एवढं मालूम आहे की त्याइले ते नवं करावं म्हनून नोतं करायचं. त्याइले दिसे तसं काढत.

आनि त्यातलं राह्यलं काय? काहीच नाई. तुमी म्हनल्या ना, बाकीचे पडदे कुठी आहेत? नदीत! अव, पडदे धुवत असत ना दरवर्षी. कपडा महाग, रंग सरसात कालवलेला — सरस माहीत आहे का, जनावराच्या कातड्याचा गोंद, चुलीवर शिजवला का पुऱ्या गावाले वास — तो रंग पान्यानं सुटते. नाटकाचा मोसम संपला का पडदे बैलगाडीत टाकून नदीवर न्यायचे, भिजवायचे, पायानं तुडवायचे, आनि पुढच्या मोसमाले त्याच कपड्यावर नवं चित्र. लगन झाल्यावर मीच धुवत जाओ. स्वतःच्या पायानं. महाल धुतले, जंगलं धुतली. पान्यात आधी लाल सुटते, मंग पिवळा. निळा मांगं राहते, त्याले जिवावर येते जाले. पेंटर काठावर बसून बिडी पेत पाहत. मी म्हनो, वाईट नाई वाटत का जी? ते म्हनत, कपडा तर राह्यला.

हा एकच नाई धुतला. काऊन? माह्या लगनात आला म्हनून. सांगते. मंडईच्या आधी कंपनीचे लोकं आमच्या गावात उतरत, शाळेच्या पडवीत हे पडदे काढत आनि सरस शिजवाले चूल आमच्या घरची. मी हासली होती ना त्याइच्या पडद्याले, तर म्हनलं पाहाव तरी कोन आहे. गेली चूल द्याले. आनि बसली. माय हाका मारे, मी तथीच. ते 'मी जाते, मी खाते' म्हनत — बाईसारखं! — शेवटपर्यंत तसंच बोलले, मी किती हासली असन. घरी समजलं तर बापानं कुऱ्हाड काढली. ना गोत, ना गाव, ना कोनी विचाराले जाले ठिकानं — पोरगी कोनाच्या दारात देऊ? कोनाले विहीन म्हनू? भैयाजी मधात पडला. महिनाभर येऊन बसे आमच्या अंगनात. शेवटी बाप म्हनला, बरं, पन लगनात नवरदेवाकडचं कोनीतरी पाह्यजे, रिकाम्या अंगनातून आलेला नवरदेव मी नाई पाहू शकत. आनि लगनाच्या दिवशी भैयाजीनं हा पडदा आनला. मांडवात, नवरदेवाच्या मांगं, दोन बांबूवर बांधला. आनि त्याच्या त्या नाटकातल्या आवाजात वरडला — हे घ्या! हे नवरदेवाचं गाव! हे सगळे त्याइच्याकडचे!

हासले लोकं. बाप पन हासला. मंग रडला. मी मान खाली घालून होती, अंतरपाट खाली झाला आनि मी वर पाह्यलं — तर त्याइचं तोंड नाई, त्याइच्या मांगचं पानी दिसलं आधी. एवढं पानी. मले एकदम भेव वाटलं. वाटलं, या मानसाच्या मांगं कोनीच नाई. अक्षता पडून राह्यल्या आनि मी मनात म्हनलं, मी राहीन. तवापासून हा पडदा या घरचा. नीमाचा पाला घालून गुंडाळून ठेवते, उंदराच्या भेवानं. पोळ्याले, दिवाळीले काढते. कंपनीले नवी नदी काढून दिली त्याइनं, पन हिले कोनी पाय नाई लावला.

पन मी पागल, मले तो काठ पाह्यजे होता. दरवर्षी पडदा काढला का म्हनाची, अजी, काढा ना एवढा तिकडचा काठ. चार झाडं काढा, एक झोपडी काढा. कसं भकास दिसते. आनि मानसाले डोळे काढा. ते म्हनत, डोळे देवीचे. मानसाचे आपोआप येतात. काठाचं विचारलं का बिडी पेटवत आनि बाहेर जात. मले वाटे अडून बसले, पेंटर लोकाइले राहतेच थोडं. कधी कधी मी रागात म्हनो, काठ नसलेली नदी काय कामाची? — जाऊ द्या. आपल्याले कुठी मालूम राहते आपन कशावर बोट ठेवून राह्यलो.

मंग त्याइचे डोळे गेले. हळूहळू. आधी कडेनं दिसेनासं झालं, मधात दिसे — डॉक्टर म्हनला, आधी आनलं असतं तर. आपन कधी आधी नेतो? प्रफुल्लचं दुकान तवा नवीन होतं, फ्लेक्स सुरू झाले होते, पडद्याचं काम तसंही संपलं होतं. हे घरी बसून. त्या साली वैनगंगा फुगली. तीन दिवस पाऊस, वर धरनाचे दरवाजे उघडलेले, वावरात पानी, बांध्या दिसत नाई, पुरं धान पान्याखाली. गावातले सगळे देवळाच्या उंचावट्यावर उभे. मी त्याइचा हात धरून नेलं. आनि त्याइले तेवढंच मधातलं दिसे ना, अंधूक — तर त्याइनं समोर पाह्यलं. पाह्यतच राह्यले. नदीले पलीकडचा काठ नोता, बाई. पानीच पानी, वर जाऊन आभाळ. आनि हे एकदम वरडले. मा गो! असं वरडले, लेकरू वरडते तसं. पुरं गाव पाहाले लागलं.

तवा सांगितलं त्याइनं. तथीच, चिखलात बसून. की घाटावर आले तवा नाव भरून गेली होती. बापानं याले उचलून नावेत टाकलं, आपन चढला. आई काठावर राह्यली, आजी होती बरोबर, म्हातारी, चालता नोतं येत तिले. आई म्हनली, हो पुढं, मी मांगच्या नावेत येते. आनि नाव निघाली. हा पाह्यत होता, आई उभी, आई लहान झाली, मंग काठ लहान झाला, मंग काठच नाई. पलीकडं उतरून वाट पाह्यली. नाव आली — दुसरेच लोकं. अजून एक आली — दुसरेच लोकं. मंग कोनी म्हनलं, तिकडं आता कोनी राह्यलं नाई, चला. एवढे वर्षं झाले आमच्या लगनाले, पोरगा झाला, नातू झाला, आनि हा मानूस कधी बोलला नाई. आनि मी त्याले दरवर्षी म्हनून राह्यली, तिकडचा काठ काढा, तिकडचा काठ काढा.

— नाई, मले पानी नोको. तुमी पे. — 'पे' म्हनलं का मी तुमाले? म्हनू दे. माह्या नातीएवढी आहेस तू.

आता खरं सांगते, पोरी. लपवून काय, तुह्या त्या भिंगानं तसंही पाह्यलंच तू. वरची पट्टी त्याइच्या हातची नाई. माह्या हातची आहे. पूर उतरल्यावर हे बाजेवरून उठलेच नाई मंग. जेवन कमी झालं. एक दिवस सकाळी म्हन्तात, नीला, पडदा काढ. काढला. आता बाजेवरून दिसे ना काही त्याइले, तरी पडद्याकडं तोंड करून बसले. म्हन्तात, सरस शिजव. मी म्हनलं, आता? म्हन्तात, आता. ओपार काढ. ओपार म्हनजे त्याइच्या भाषेत तिकडचा काठ. मी म्हनलं, मले येत नाई, मी जिंदगीत धुतलंच, काढलं कधी नाई. म्हन्तात, मी सांगते, तू काढ — सांगते म्हनले! — तिनं मांगं येते म्हनलं होतं, ती उभी असन तिकडं, आपन काठच नाई दिला तिले उभं राहाले.

स्टुलावर चढून काढलं. ती पट्टी वाकडी आहे ना, ती मी काढली म्हनून वाकडी आहे. झोपडी आमच्या वावरातल्या झोपडीसारखी झाली, मले दुसरी ठाव नोती. झाड पळसाचं झालं — तिकडं पळस राहते का? — आनि बाई. ते सांगत, डोईवर पदर दे, लाल काठ दे साडीले. पाय काड्यासारखे झाले, पाहून घे. चेहरा तर भाकरीसारखा गोल. मी म्हनलं, झालं जी. म्हन्तात, उभी आहे? म्हनलं, उभी आहे. म्हन्तात, कोनाकडं पाह्यते? म्हनलं, तुमच्याकडं. तर म्हन्तात, खोटं. डोळे नाई काढले तू. डोळे मी काढीन.

प्रफुल्लनं आनि मी उचलून उभं केलं त्याइले. हात वर धरला. निळ्या रंगात बोट बुडवलं आनि मी त्याइचं बोट धरून त्या गोल चेहऱ्यापाशी नेलं — आनि तिथून पुढं माहा हात झटकला त्याइनं. आपनच. काही दिसत नाई, पाय उभे राहत नाई, पन बोट एकदम थांबलं. एक टेकवलं. मंग एक. जाय, पाह्य जवळून. भिंग लाव. मानसाले कधी डोळे नाई काढले त्या मानसानं, पुऱ्या जिंदगीत — ते दोनच. बाकी पट्टी माही आहे, वेडीवाकडी आहे, पन ते दोन ठिपके त्याइचे. मी मघाशी म्हनलं, त्याइचंच आहे — तर खोटं नोती बोलली मी.

पाच दिवसानं गेले. बाया आल्या, आंघोळ घालाले. मी म्हनलं, पुरं धुवा, उजव्या हाताले पानी लावू नोका. बाया म्हनल्या, असं कसं, रंग आहे बोटाले. मी म्हनलं, राहू दे. भांडली मी, मयताजवळ बसून भांडली. निळं बोट घेऊन गेले ते. सांगितलं ना तुले, निळा लवकर जात नाई.

आनि तू म्हन्तेस, वरची पट्टी काढा लागन. ओल्या कापसानं. हळूहळू. पडदा पहिल्यासारखा करा लागन, कारन त्याचं मोठेपन त्या रिकाम्या जागेत आहे. आयकलं मी. तू काही वाईट नाई बोलली. तुमच्याकडचे जानकार तसंच म्हनतीन, आनि पहिल्या दिवशी पेंडॉलात आमी सगळे चूप झालो होतो ते त्या रिकाम्या जागेपायीच, मी नाई कुठी म्हन्ते? पन पोरी, कापसानं सरसाचा रंग कसा जाते ते मले नोको शिकवू. या पायानं धुतले मी पडदे. आधी साडीचा लाल काठ जाईन. मंग पळस. मंग डोळे तेवढे राहतीन, पान्यावर, दोन ठिपके — मंग तेही जातीन. तिले पुन्हा तिकडं सोडून द्यायची? आता कुठी काठ भेटला तिले.

— पट्टी तशीच ठेवून पडदा घेऊन जासान का? सांग ना. तेवढं वचन दे, मी आत्ता देते. — तुह्या हातात नाई? वरचे लोकं ठरवतीन? — हं. — नाई, तू खरं बोलली, हे बरं केलं. दुसरी कोनी असती तर हो म्हनून घेऊन गेली असती.

मले मालूम आहे काय जाऊन राह्यलं ते. भिंत जाऊन राह्यली. नाव जाऊन राह्यलं. प्रफुल्ल महिनाभर बोलनार नाई. मी मेली का हा पडदा कोनी धानावर टाकन, नाई तर उंदीर खातीन. खाऊ दे. पन धुऊ नाई देनार. — रडू नोको. तू काऊन रडतेस, रडाचं माहं आहे.

ऊठ. तिकडून बांबू धर. खालचा. नाटकाचा पडदा खालून गुंडाळतात. हळू. तो नीमाचा पाला आत घाल. हं — गेला इकडचा काठ. — गेली नाव. — आता पानी. लय आहे, वेळ लागन, घाई नोको करू. — थांब. थांब थोडं. पाह्य, तेवढीच राह्यली आता. उभी आहे ना? — चल, गुंडाळ.

सोड आता. सोड म्हनलं ना, माह्या हातात दे. जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला, तो कोनासाठी थांबत नाई. चप्पल तिकडं आहे. जाता जाता एवढं कर — त्याइचं नाव घे एकदा. असं नाई, मोठ्यानं. गावाले आयकू गेलं पाह्यजे. — अजून एकदा.

हं. जाय आता.